चाकाच्या हबला नवा बोल्ट निवडताना

फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीच्या पुढच्या हबला दोन जातींचे बोल्ट असतात. चाक धरून ठेवणाऱ्यांना गॅरेजमध्ये स्टड म्हणतात. ते हबच्या पाठीमागून दाबून बसवलेले असतात आणि पुढून त्यांच्यावर नट चढतो. दुसरे बोल्ट लहान असतात व हबच्या तोंडाशी दिसतात. अ‍ॅक्सलची ताकद चाकाकडे नेणारी फ्लँज किंवा लॉकिंग हब ते जखडून ठेवतात. नुसत्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीच्या पुढच्या हबला हे दुसरे बोल्ट नसतातच, त्यामुळे ते बदलताना चुका अधिक होतात.

बुलढाणा जिल्ह्यात दोन्ही जातींच्या बोल्टांची कसोटी लागते. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातली चिकट काळी माती. घाटावर जायला राजूर घाट नाहीतर बोथा घाट. आणि मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या भागांतून गेलेला समृद्धी महामार्ग, जिथे गाडी तासन्‌तास एकाच वेगाने पळते. जीपच्या आकाराच्या टायरचा घेर साधारण सव्वादोन मीटर धरला, तर ताशी १०० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला बारा वेळा फिरते. स्टड नीट आवळलेला असेल तर या फेऱ्यांचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. ढिला असेल तर प्रत्येक फेरीला तो किंचित वाकतो.

चाक स्टडवर टांगलेले असते, ही समजूत चुकीची आहे. नट आवळला की स्टड रबरासारखा, पण डोळ्यांना न दिसेल इतका ताणला जातो आणि चाकाला हबवर दाबून धरतो. गाडीचे वजन, ब्रेकचा झटका, खड्ड्याचा मार हे सारे या दाबातून निर्माण होणारे घर्षण पेलते. १२ मिलिमीटरचा कोरडा स्टड १०० न्यूटन-मीटरला आवळला तर त्याच्यात सुमारे ४ टन ताण येतो; पाच स्टड मिळून २० टन. दोन पृष्ठभागांच्या मध्ये गंज, रंगाचा थर किंवा सुकलेला चिखल राहिला, तर तो चालता चालता दबतो आणि ताण उतरतो. मग घर्षण कमी पडते आणि स्टड प्रत्येक फेरीला वाकून थकू लागतो. अशा थकव्याने तुटलेल्या स्टडच्या तोंडाचा बहुतेक भाग गुळगुळीत, कमानीसारख्या रेषांचा, आणि शेवटी तुटलेला थोडा भाग खरबरीत असतो. जास्त आवळून तुटलेला स्टड मात्र तुटण्याच्या जागी बारीक झालेला दिसतो. नवा स्टड घेण्याआधी जुन्याचे तोंड पाहणे म्हणूनच फायद्याचे. एक स्टड थकव्याने गेला असेल तर शेजारच्यांनीही तेवढाच मार खाल्लेला असतो. अशा वेळी त्या चाकाचे सगळे स्टड बदलावेत. एकच बदलून वाचणारे पैसे खरे वाचत नाहीत.

खरी गफलत आट्यांत होते. हार्डवेअरच्या दुकानात अजून सुताचे माप चालते: आठ सूत म्हणजे एक इंच, चार सूत म्हणजे अर्धा इंच. महिंद्राने स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबईत जोडायला घेतलेल्या विलिस जीपचे स्टड अर्धा इंची आणि इंचाला २० आटे असलेले. १९८५ मध्ये आलेल्या मारुती जिप्सीचे स्टड १२ मिलिमीटरचे, दोन आट्यांत १.२५ मिलिमीटर अंतर असलेले. दोन्ही गाड्यांच्या स्टडच्या वर्तुळाचा व्यास एकच, १३९.७ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच इंच. दोन्हींना पाच स्टड. आणि इंचाला २० आटे म्हणजे दोन आट्यांत १.२७ मिलिमीटर. हा ०.०२ चा फरक बोटांना कळत नाही. त्यामुळे जीपचा नट जिप्सीच्या स्टडवर सहज फिरत जातो, अगदी बसल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात स्टड ०.७ मिलिमीटरने बारीक असल्याने आट्यांची पकड निम्म्याहून कमी असते. आवळताना नट आटे कापून निसटतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे तेव्हा टिकतो आणि रस्त्यात निसटतो. फॉर्च्युनरचा १.५ अंतराचा नट जिप्सीवर एक-दोन फेरे जाऊन अडतो. तो निदान इशारा देतो, पण हवेची गन लावणाऱ्याला हा इशारा कळत नाही.

जुन्या विलिस जीपमध्ये आणखी एक खोच आहे: डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे. ते माहीत नसलेला माणूस नट सोडवायच्या नादात आवळत जातो आणि स्टड मोडतो.

आटे जुळले की ताकद पाहायची. मिलिमीटरच्या बोल्टाच्या माथ्यावर ८.८, १०.९, १२.९ असे आकडे असतात. पहिल्या आकड्याला शंभराने गुणले की तुटण्याची ताकद मेगापास्कलमध्ये मिळते. दुसरा आकडा सांगतो की तिच्या किती दशांशाला बोल्ट कायमचा ताणला जाईल. ८.८ चा बोल्ट ८०० ला तुटतो, ६४० ला ताणला जातो. इंची बोल्टांवर आकडे नसून रेघा असतात: तीन रेघा म्हणजे ग्रेड ५, सहा म्हणजे ग्रेड ८, हे अनुक्रमे ८.८ आणि १०.९ च्या आसपासचे. माथा कोरा असलेला बोल्ट गोठ्याच्या दाराला लावावा, हबला नाही. मूळ बोल्टावर जो आकडा असेल तोच घ्यावा, हे सर्वांत सोपे.

मग १२.९ का नको? काळा एलन बोल्ट खामगाव-मलकापूरच्या दुकानांत सहज मिळतो आणि 'सगळ्यात कडक' म्हणून खपतो. पण तो पुरता आवळायचा तर हबमधले आटेही तेवढे मजबूत हवेत. ते कच्चे असले की स्वस्त बोल्ट वाचतो आणि महागडा हब जातो. शिवाय इतक्या कठीण पोलादावर जस्ताचा विद्युत मुलामा दिला तर त्यात हायड्रोजन शिरून बोल्ट काही तासांनी किंवा दिवसांनी एकाएकी तुटू शकतो. चकाकणारा १२.९ म्हणूनच संशयास्पद समजावा.

शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या खारपाणपट्ट्यात बोअरच्या खाऱ्या पाण्याने धुतलेल्या गाडीला गंज लवकर धरतो, आणि मग स्टेनलेस स्टीलचा मोह होतो. नेहमीचे ए२-७० जातीचे स्टेनलेस ४५० मेगापास्कललाच ताणले जाते, आणि आवळताना त्याचे आटे एकमेकांत चिकटून बसतात. हबसाठी ते बाद. गंजावर उपाय म्हणजे मूळ दर्जाचा, कारखान्यात लेप दिलेला बोल्ट आणि गोड्या पाण्याची धार.

स्टडच्या मानेवर दातेरी पट्टा असतो. तो हबच्या भोकात घट्ट रुतला पाहिजे. पट्ट्याचा व्यास ०.२ मिलिमीटर कमी असला तरी स्टड नटाबरोबर गरगर फिरतो. त्यावर वेल्डिंगचा टाका मारणे गॅरेजमध्ये सर्रास दिसते, पण त्या उष्णतेने पोलादाला दिलेली ताकद उतरते. नटाचे बूडही चाकाशी जुळावे लागते. निमुळत्या खाचेच्या रिमला निमुळता नट लागतो, सपाटाला सपाट.

लॉकिंग हबचे बोल्ट वेगळ्या अडचणीचे. विलिस जीपसाठी असे हब बनवायला अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी १९४८ मध्ये सुरुवात केली. साधी फ्लँज काढून असा हब बसवला की जाडी वाढते आणि जुने बोल्ट आखूड पडतात. लोखंडी हबमध्ये बोल्टाचे आटे निदान त्याच्या व्यासाइतके आत गेले पाहिजेत. ८ मिलिमीटरच्या बोल्टाला ८ मिलिमीटर. लांब बोल्ट भोकाच्या तळाला टेकतो. पाना घट्ट लागल्याचे सांगतो, पण हब मात्र मोकळाच राहतो. चिखलातून गाडी ओढताना मग सगळा पिळा बोल्टांच्या अंगावर येतो आणि ते कात्रीत सापडल्यासारखे तुटतात. भोकाची खोली बारीक तारेने मोजायला एक मिनिट लागते.

आवळण्यासाठी टॉर्क रेंच वापरावा. १२ मिलिमीटरच्या चाकाच्या स्टडला साधारण ९० ते ११० न्यूटन-मीटर लागतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. ६० किलोचा माणूस अर्धा मीटर लांब पान्याच्या टोकावर उभा राहिला तर जवळपास ३०० होतात, म्हणजे १०.९ चा स्टडही हिशोबाने तुटण्याच्या पलीकडे जातो. आट्यांना तेल लावले तर त्याच टॉर्कला ताण तिसऱ्या हिश्श्याने वाढतो, म्हणून पुस्तिकेत सांगितले नसेल तर आटे कोरडे व स्वच्छ ठेवावेत. समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळावेत. पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासावेत; खामगावात स्टड बदलून बोथा घाट चढलेली गाडी बुलढाण्याला पोचली की ती वेळ झालेली असते. लॉकिंग हबच्या बोल्टांना मूळ रचनेत कान मुडपायचे वॉशर असतील तर तेही दर वेळी नवे घालावेत.