कापूरतेल : गुण, मात्रा आणि सावधगिरी

मराठी घरात कापराचे स्थान दोन ठिकाणी असते : देवघरात आणि औषधाच्या डब्यात. छाती भरली, सांधे आखडले की कोमट खोबरेल तेलात कापूर विरघळवून चोळण्याचा प्रघात जुना आहे. कापूर त्वचेतील संवेदना-तंतूंना उत्तेजित करतो. त्यामुळे गारवा व ऊब जाणवते आणि वेदना, खाज काही काळ शमते. वासाने श्वास मोकळा झाल्यासारखा भासतो. मूळ विकार मात्र त्याने बरा होत नाही.

सर्वच कापूर एक नव्हे. चीन, तैवान व जपान येथील कापूरवृक्षाच्या लाकडातून ऊर्ध्वपातनाने मिळणारा कापूर वेगळा. बोर्निओ-सुमात्रातील निराळ्या वृक्षाचा भीमसेनी कापूर वेगळा. पूजेच्या वड्या बहुधा टर्पेंटाइनपासून रासायनिक रीतीने बनवतात; त्या औषधी उपयोगासाठी नसतात. कापूरवृक्षाच्या तपकिरी व पिवळ्या तेलांत सॅफ्रोल हा कर्करोगकारक घटक असतो. ती तेले सर्वस्वी वर्ज्य समजावीत.

कापूर पोटात गेल्यास मज्जासंस्थेवर आघात करतो. 1934 साली बुडापेस्टमध्ये डॉ. मेडुना यांनी मनोरुग्णांना मुद्दाम झटके आणण्यासाठी कापूरतेलाचेच इंजेक्शन वापरले होते, यावरून त्याची शक्ती ध्यानात यावी. 20 टक्के कापूर असलेल्या 5 मिलिलिटर तेलात, म्हणजे एका लहान चमच्यात, सुमारे 1 ग्रॅम कापूर असतो. एवढी मात्रा लहान बालकाच्या जिवावर बेतू शकते. एरंडेल समजून हे तेल पाजले गेल्याच्या घटना घडल्यामुळे अमेरिकेने 1982 साली अशा तेलाची विक्री थांबवली; पुढे मलमांतील कापराला 11 टक्क्यांची मर्यादा घातली.

म्हणून काही नियम पाळावेत. कापूरतेल कधीही पिऊ नये. जखम, भाजलेली त्वचा, डोळे व नाकपुड्या यांना लावू नये. दोन वर्षांखालील मुलांना चोळू नये. त्यांच्या गळ्यात कापराची पुरचुंडीही बांधू नये. गर्भवती, स्तनदा माता आणि अपस्माराचे रुग्ण यांनी वैद्यांना विचारल्याविना वापरू नये.

चुकून पोटात गेल्यास उलटी करवू नये. झटके काही मिनिटांतच येऊ शकतात. बाटली सोबत घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. दुकानदारांनीही सुटे तेल नावाची चिठ्ठी न लावता बाटलीत भरून देऊ नये. पेढीवरची ही लहानशी दक्षता एखाद्या घरचे मूल वाचवू शकते.