विनोद आणि इतिहासस्मृती

स्लोबोदान शियान यांच्या ‘को तो तामो पेवा’ (‘तिकडे कोण गात आहे?’) ह्या १९८० सालच्या सर्बियन विनोदी चित्रपटात ५ एप्रिल १९४१ रोजी एक मोडकी बस बेलग्रेडकडे निघते. परकीय प्रेक्षक हसतो तो प्रवाशांच्या स्वार्थीपणास. तो दोष सर्वत्र परिचित आहे. स्वदेशीय प्रेक्षकास मात्र दुसऱ्याच दिवशी त्या नगरावर जर्मन विमानांनी बाँबवर्षाव केला, हे ठाऊक असते. त्यामुळे वाटेतील प्रत्येक खोळंबा त्यास हसवितो तसाच धास्तावितोही. अखेरीस चोरीच्या खोट्या आळाने दोघा रोमा वादकांना मारहाण चालू असतानाच बाँब कोसळतो आणि तेच दोघे वाचतात. हा शेवट परक्यास आकस्मिक आघात वाटावा, स्वकीयास स्वसमाजावरील निवाडा. अनुवादित संवादांनी विनोद पोहोचतो. दिनांकाचा अर्थ पोहोचविणे हे अभ्यासकाचे कार्य होय.