बाळाला लस, आईला फक्त रांग

माहीमच्या कोळीवाड्यातून, कापड बाजाराकडील एखाद्या चाळीतून किंवा रेतीबंदरालगतच्या वस्तीतून दीड महिन्याचे बाळ दुपट्यात गुंडाळून एखादी बाई लसीकरणासाठी निघते, तेव्हा बाळंतपणानंतर उंबरठ्याबाहेर पडण्याची तिची ती बहुधा पहिलीच वेळ असते. सव्वा महिना नुकताच सरलेला असतो. केंद्रावर बाळाचे वजन होते, मांडीला सुई टोचली जाते, तोंडात थेंब सोडले जातात, कार्डावर पुढची तारीख पडते आणि दोघेही घरी परततात. बाळाची तपासणी झालेली असते. बाळाला जन्म देणाऱ्या बाईचा रक्तदाब, तिच्या अंगातील रक्ताचे प्रमाण, तिचे टाके यांची चौकशी झालेली असेलच असे नाही. विशेष म्हणजे तीही ती करून घ्यायला आलेली नसते.

दीड महिना म्हणजे 42 दिवस. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार गर्भारपणात किंवा गर्भारपण संपल्यापासून 42 दिवसांच्या आत, त्याच्याशी निगडित कारणाने झालेला मृत्यू हा मातामृत्यू मानला जातो. भारतातील कायदा बाळंतपणानंतर सहा आठवडे स्त्रीला कामावर ठेवण्यास मनाई करतो. आपला सव्वा महिना आणि मुस्लिम कुटुंबांतील चाळीस दिवसांचा 'चिल्ला' हेही याच मुदतीच्या आसपास संपतात. वैद्यकशास्त्र, कायदा आणि आजीबाईंचा अनुभव यांचे इतके एकमत क्वचितच होत असेल. या काळात शरीर पूर्वस्थितीला येत असते आणि ते नाजूक असते, हे सर्वांनाच मान्य आहे. मतभेद आहे तो काळजी कशी घ्यायची याबद्दल.

प्रसूतीनंतरचा सर्वांत मोठा धोका रक्तस्रावाचा आणि त्यातही पहिल्या 24 तासांचा. म्हणूनच रुग्णालयातील बाळंतपणावर सरकारने भर दिला. 2005 मध्ये जननी सुरक्षा योजना आली. 2011 मध्ये जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू झाला आणि सरकारी रुग्णालयांत प्रसूती, औषधे, नैसर्गिक प्रसूतीनंतर तीन दिवसांचा व सिझेरियननंतर सात दिवसांचा आहार मोफत ठरला. त्याचे फळ दिसते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील 94.7 टक्के प्रसूती रुग्णालयांत झाल्या. प्रसूतीनंतर दोन दिवसांच्या आत आरोग्य कर्मचाऱ्याकडून तपासणी झालेल्या मातांचे देशातील प्रमाणही 2015-16 मधील 62.4 टक्क्यांवरून 78 टक्क्यांवर गेले.

मात्र या आकड्यात एक मेख आहे. दोन दिवसांपर्यंत बाई बहुधा रुग्णालयाच्या खाटेवरच असते, तिथे ती डॉक्टर-परिचारिकांच्या नजरेसमोर असते. तिसऱ्या दिवशी ती घरी जाते आणि या आकड्याच्या कक्षेबाहेर पडते. जंतुसंसर्ग, स्तनात होणारा गळू, उशिरा सुरू होणारा रक्तस्राव, पायातील शिरेत धरणारी रक्ताची गुठळी या गोष्टी मात्र नेमक्या त्यानंतरच डोके वर काढतात. गर्भारपणात रक्तदाब अगदी उत्तम असलेल्या स्त्रीलाही प्रसूतीनंतर काही दिवसांनी तो वाढून झटके येऊ शकतात, हे अनेक सुशिक्षित घरांतही ठाऊक नसते. मराठीत 'सुवारोग' हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या आहे, तो उगाच नव्हे.

घरी गेलेल्या बाळंतिणींचे नेमके काय होते, याचे सविस्तर चित्र मुंबईतून नव्हे तर गडचिरोलीतून मिळाले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1995-96 मध्ये घरी बाळंत होणाऱ्या 772 स्त्रियांच्या प्रकृतीची त्यांच्या घरी जाऊन नोंद ठेवली. त्यांपैकी 42.9 टक्के स्त्रियांना प्रसूतीनंतरच्या काळात काही ना काही विकार जडलेला आढळला. स्तनांच्या तक्रारी, उशिराचा रक्तस्राव आणि जननमार्गाचा संसर्ग हे त्यांत प्रमुख होते. मुंबईतील रुग्णालयात बाळंत होणाऱ्या स्त्रीला हे आकडे जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. तरीही घरात 'होतेच असे बाळंतपणात' म्हणून सोडून दिल्या जाणाऱ्या तक्रारी मोजायला कोणी बसले, तर त्या किती निघतात, हे त्यातून कळते.

मग शहरात, जिथे रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे, तिथे बाई का जात नाही? अंतराची सबब माहीमला तरी लागू नाही. धारावी ओलांडली की शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय, दादरपलीकडे परळला केईएम आणि 1926 पासून चालणारे नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह. अडचण घरातच सुरू होते. पहिले दहा दिवस सोयर असते, त्यानंतरही बाळंतिणीने वाऱ्यात जाऊ नये, असा दंडक असतो. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मालिश आणि विश्रांती यांत वावगे काही नाही. पाणी कमी देणे आणि दारे-खिडक्या बंद करून कोळशाची शेगडी ठेवणे मात्र घातक आहे. दहा बाय दहाच्या खोलीत तर अधिकच. त्या काळात बाळंतिणीचे शरीर रोज पाहणारी एकमेव व्यक्ती म्हणजे मालिश करणारी बाई. तिला ताप, सूज, दुर्गंधी सर्वांत आधी कळते, परंतु आरोग्य यंत्रणेने तिला कधी विश्वासात घेतलेले दिसत नाही.

दुसरी अडचण माहेरची. नोंदणी माहीमला, सातव्या महिन्यात रवानगी रत्नागिरीला किंवा साताऱ्याला, आणि बाळ तीन महिन्यांचे झाल्यावर परत. अशा वेळी प्रसूतीनंतरची तपासणी सासरच्या केंद्राने करायची की माहेरच्या, या प्रश्नातच 42 दिवस निघून जातात. तिसरी अडचण पोटापाण्याची. मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा 1929 मध्येच झाला. त्याआधी 1928 मध्ये विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू मांडली होती. पण मासळी विकणारी कोळीण किंवा चार घरची धुणीभांडी करणारी बाई यांना भरपगारी रजा देणार कोण? त्यांची विश्रांती बहुधा हातातील पैसे संपेपर्यंतच टिकते.

केवळ प्रबोधनाने हे बदलेल, ही समजूतही तपासून झाली आहे. शीव रुग्णालयाच्या नवजात शिशुतज्ज्ञ डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1999 मध्ये स्थापन केलेल्या 'स्नेहा' संस्थेने 2006 ते 2009 या काळात मुंबईतील झोपडवस्त्यांमध्ये महिला गट बांधले. 48 वस्त्यांपैकी निम्म्यांत गट होते, निम्म्यांत नव्हते. तीन वर्षांत 18 हजारांहून अधिक जन्मांची नोंद झाली. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष प्रांजळ होता: गट असलेल्या व नसलेल्या वस्त्यांत रुग्णालयातील प्रसूती किंवा उपचार घेण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. बायकांना केवळ सांगून भागत नाही. त्यांच्यापर्यंत पोहोचणारी आणि त्यांना तपासणारी सेवा लागते.

तशी सेवा कागदावर आहे. रुग्णालयात दाखल असतानाच्या देखरेखीनंतर तिसऱ्या दिवशी, दुसऱ्या आठवड्यात आणि सहाव्या आठवड्यात तपासणी व्हावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. केंद्र सरकारच्या 2011 च्या गृहभेट कार्यक्रमात रुग्णालयातील प्रसूतीनंतर 3, 7, 14, 21, 28 व 42 व्या दिवशी अशा सहा भेटी ठरवून दिल्या आहेत. मूळ हेतू नवजात बाळाचा असला, तरी त्या भेटीच्या तक्त्यात आईचा ताप आणि दिवसभरात किती घड्या बदलाव्या लागतात, हेही विचारायचे असते. मातृवंदना योजनेचे पैसे मात्र प्रसूतीनंतर बाळाची जन्मनोंद व लसीकरण पाहून मिळतात; आईची तपासणी ही अट नाही. सरकारी हिशेबात बाळ जन्मले की आईचे काम संपते, असा याचा अर्थ कोणी काढला तर त्याला दोष देता येणार नाही.

मनाच्या दुखण्याची तर नोंदच होत नाही. गोव्यात डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी केलेल्या, 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. मुलगी जन्मणे आणि नवऱ्याची मारहाण ही त्यामागील कारणे होती. 'दृष्ट लागली' म्हणून मीठ-मोहरी ओवाळल्याने हे दुखणे जात नाही.

सहाव्या आठवड्यात आईचे काय पाहायला हवे? रक्तदाब, हिमोग्लोबिन, टाके, स्तन, गर्भाशय पूर्ववत झाले का. गर्भारपणात मधुमेह आढळला असल्यास साखर. आणि पुढील पाळणा लांबविण्याच्या साधनांची माहिती. लोहाच्या गोळ्या प्रसूतीनंतर 180 दिवस घ्यायच्या असतात, त्या शिल्लक आहेत का, हाही प्रश्न हवा. तासाभरात घडी भिजेल इतका रक्तस्राव, ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, तीव्र डोकेदुखी व अंधुक दिसणे, एकाच पोटरीला सूज, धाप किंवा छातीत दुखणे यांपैकी काहीही झाल्यास सव्वा महिन्याची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.

बाळाला दहाव्या व चौदाव्या आठवड्यात पुन्हा टोचण्यासाठी आणावे लागतेच. सहाव्या आठवड्यात राहून गेलेली आईची तपासणी त्या दिवशी मागून घेता येते.