एकट्या मच्छीमाराचा दुसरा हात

कोकणच्या किनाऱ्यालगत लहान यांत्रिक होडीतून एकट्यानेच मासेमारी करणाऱ्याचे इंजिन समुद्रात बंद पडले, तर मदतीस दुसरा हात नसतो. ही उणीव घरगुती साधनांनी काही अंशी भरून काढता येते.

प्रथम नांगर टाकून होडी स्थिर करावी. डिझेल इंजिन बंद पडण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे इंधनात शिरलेली हवा किंवा पाणी. फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करण्यापूर्वी त्याखाली कापलेली पारदर्शक बाटली तारेने टांगावी. दोन्ही हात पान्यासाठी व हातपंपासाठी मोकळे राहतात. डिझेलमधून बुडबुडे येणे थांबले, की हवा निघाली असे समजावे. इंधनात पाणी असल्यास ते बाटलीच्या तळाशी बसते. काठीच्या टोकाला बांधलेला आरसा इंजिनाखालील गळती दाखवितो. बारा व्होल्टचा दिवा व दोन तारा यांच्या साहाय्याने स्टार्टरपर्यंत वीज पोहोचते की नाही, हे कळते. पेट्रोल इंजिनाजवळ मात्र ठिणगीचा धोका असल्याने हा प्रयोग टाळावा.

ही साधने पावसाळी मासेमारी बंदीच्या काळातच तयार करून किनाऱ्यावर वापरून पाहावीत. ग्रामपंचायतींनी व शिक्षकांनी त्यांची प्रात्यक्षिके घडवून आणल्यास अनेक होड्या सुखरूप परततील.