श्वेतपेशींचे जाळे

पायात काटा रुतला आणि तो वेळीच काढला नाही, तर दोन-तीन दिवसांत त्या जागी पू धरतो. पू म्हणजे निव्वळ घाण नव्हे. जंतूंशी झुंजताना कामी आलेल्या असंख्य श्वेतपेशींचे ते अवशेष होत. त्यांत ‘न्यूट्रोफिल’ या पेशींचा भरणा मोठा असतो. प्रौढ मनुष्याच्या रक्तातील श्वेतपेशींपैकी सामान्यतः निम्म्याहून अधिक पेशी याच जातीच्या असतात. जंतूंना गिळणे आणि त्यांच्यावर जंतुघ्न द्रव्यांचा मारा करणे, ही त्यांची दोन आयुधे पूर्वीपासून ज्ञात होती. तिसरे आयुध उजेडात आले ते मात्र 2004 साली.

त्या वर्षी बर्लिन येथील माक्स प्लांक संस्थेतील फोल्कर ब्रिंकमन, आर्तुरो झिचलिन्स्की व त्यांचे सहकारी यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या पेशींभोवती अतिशय बारीक धाग्यांची जाळी पसरलेली दिसली. तीत जंतू अडकले होते. हे धागे होते खुद्द पेशीच्या डीएनएचे!

डीएनए हे आनुवंशिक गुण साठवणारे द्रव्य पेशीच्या केंद्रकात असते. एका मानवी पेशीतील त्याचे सर्व धागे एकापुढे एक मांडले, तर लांबी सुमारे 2 मीटर भरेल. हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेले असल्यामुळेच ते एवढ्याशा केंद्रकात मावतात. जंतूंची चाहूल लागली की पेशीत ऑक्सिजनची अतिक्रियाशील संयुगे निर्माण होतात. इलॅस्टेज नावाचे विकर केंद्रकात शिरून हिस्टोनांचे तुकडे करू लागते आणि दुसरे एक विकर हिस्टोनांचा विद्युत्भार बदलून गुंडाळी सैल करते. केंद्रकाचे आवरण फाटते, धाग्यांना जंतुघ्न द्रव्ये चिकटतात आणि अखेर पेशी फुटून जाळे बाहेर पडते. या साऱ्यास बहुधा काही तास लागतात. पेशी मरते, परंतु तिचे जाळे जंतूंना जागच्या जागी खिळवून ठेवते. क्वचित पेशी जिवंत राहूनही असे जाळे टाकू शकते.

तथापि, प्रत्येक शत्रू या जाळ्यात मरतोच असे नाही. गंगेच्या मैदानी प्रदेशाला दीर्घकाळ ग्रासणारा काळा आजार हे त्याचे बोलके उदाहरण होय. लीशमॅनिया डोनोव्हानी हा परजीवी वालुमाशीच्या चाव्यातून शरीरात शिरतो. रोग्याला दीर्घकाळ ताप येतो, त्याची प्लीहा वाढते, शरीर झिजते आणि उपचार न झाल्यास बहुधा मृत्यू ओढवतो. कॅनडातील संशोधकांनी 2010 साली दाखवून दिले की, हा परजीवी न्यूट्रोफिलांना जाळे टाकावयास लावतो, पण त्यात अडकूनही जिवंत राहतो. त्याच्या पृष्ठभागावरील लिपोफॉस्फोग्लायकन हे द्रव्य त्याचे चिलखत ठरते. ते नसलेले परजीवी जाळ्यात मारले जातात.

शरीराचे शस्त्र असे बोथट ठरते, तेथे औषधाला पुढे यावे लागते. वाराणसीच्या काशी हिंदू विश्वविद्यालयातील डॉ. श्याम सुंदर यांनी या रोगावरील उपचारांच्या संशोधनात मोठी कामगिरी केली आहे. बिहारमधील मुझफ्फरपूर येथे 412 रोग्यांवर केलेल्या त्यांच्या चाचणीचे निष्कर्ष 2010 सालीच प्रसिद्ध झाले. मेदपुटिकांत भरलेल्या ॲम्फोटेरिसिन-बी या औषधाची एकच मात्रा घेतलेल्यांपैकी शेकडा 95 हून अधिक रोगी सहा महिन्यांनंतरही रोगमुक्त असल्याचे तीत आढळले. जेथे पूर्वी कित्येक आठवडे रुग्णालयात काढावे लागत, तेथे एका दिवसाचा उपचार पुरेसा ठरू लागला.

या जाळ्याला दुसरीही बाजू आहे. काम संपल्यावर डीएनेज नावाचे विकर धागे तोडून त्याची विल्हेवाट लावते. जाळी अवाजवी प्रमाणात निर्माण झाली, किंवा वेळीच नष्ट झाली नाहीत, तर ती शरीरालाच बाधतात. रक्तवाहिनीत त्यांना रक्तबिंबिका व तांबड्या पेशी चिकटून गुठळी होऊ शकते. 2020 साली कोविडच्या अत्यवस्थ रोग्यांच्या रक्तात या जाळ्यांचे अवशेष मोठ्या प्रमाणात आढळले. ल्यूपस या व्याधीत तर शरीर स्वतःच्याच डीएनएविरुद्ध प्रतिद्रव्ये निर्माण करते. काही रोग्यांत ही जाळी नीट विरघळत नाहीत, असेही दिसून आले आहे.

म्हणून ही जाळी सरसकट बंद पाडणे हा उपाय होऊ शकत नाही. तसे केल्यास जंतूंना मोकळे रान मिळेल. ती कोठे राखावी आणि कोठे विरघळवावी, हे ठरवणे हीच आजच्या वैद्यकशास्त्रापुढील कसोटी आहे.