टोळीची बातमी आणि हरवलेली मुलं

'मुलं पळवणारी टोळी' या शब्दांनी महाराष्ट्राच्या मनात गेली तीस वर्षं घर केलं आहे. त्याच्या मुळाशी एक खरी घटना आहे, हे आधी मान्य करायला हवं. 1996 साली अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली पकडल्या गेल्या. 1990 पासून त्यांनी देवळातल्या, बाजारातल्या, एसटी स्टँडवरच्या गर्दीतून लहान मुलं उचलली होती. पाकीटमारीत पकडलं जाऊ नये म्हणून ती मुलं वापरायची आणि नकोशी झाली की मारून टाकायची. तेरा अपहरणांचे गुन्हे त्यांच्यावर लागले. उचललेली मुलं बहुतेक हातावर पोट असलेल्यांची होती.

हा खटला पाव शतक चालला. 2001 मध्ये अंजनाबाईच्या दोन्ही मुलींना फाशी सुनावली गेली, 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, 2014 मध्ये दयेचा अर्ज फेटाळला गेला आणि जानेवारी 2022 मध्ये, दयेच्या अर्जावर झालेल्या विलंबामुळे, उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली. प्रत्येक टप्प्यावर तीच छायाचित्रं आणि तेच अंगावर काटा आणणारे तपशील पुन्हा छापून आले. एका कुटुंबाने केलेला गुन्हा वाचकांच्या मनात राज्यभर हिंडणारी टोळी होऊन बसला. आपल्याकडे 'गोसावी झोळीत घालून नेईल' असं म्हणून मुलांना गप्प करायची सवय जुनीच. या भीतीला आता छापील पुरावा मिळाला.

2018 च्या उन्हाळ्यात ही भीती मोबाइलवर आली. मोटारसायकलवरून आलेले दोघे गल्लीत खेळणारं पोर उचलून नेतात, असा एक व्हिडिओ देशभर फिरत होता. तो मुळात कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी केला होता. शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तो शेवटच कुणीतरी कापला होता. वृत्तवाहिन्यांनी 'व्हायरल सत्य' म्हणून त्याची शहानिशा केली खरी, पण ती करताना तीच दृश्यं तासन्‌तास पडद्यावर फिरवली. घाईत पाहणाऱ्याच्या लक्षात दृश्य राहिलं, खुलासा राहिला नाही.

1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडे बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे उतरले. बहुतेक मंगळवेढ्याकडचे, भिक्षेवर जगणारे. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला आणि एवढ्यावर जमाव जमला. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून काठ्यांनी, दगडांनी मारलं. पाचही जण गेले. हे घडत असताना लोक मोबाइलवर चित्रण करत होते, आणि संध्याकाळपर्यंत तेही फिरू लागलं. त्याच रात्री मालेगावात असाच जमाव एका भटक्या कुटुंबावर धावून गेला. त्यांच्याबरोबर लहान मूल होतं. पोलिसांनी त्यांना कसंबसं वाचवलं. त्याआधी तीनच दिवस त्रिपुरात, अफवांवर विश्वास ठेवू नका असं ध्वनिक्षेपकावरून सांगायला सरकारने नेमलेल्या माणसालाच लोकांनी ठार केलं होतं.

मग व्हॉट्सॲपने पानभर जाहिराती दिल्या, एक संदेश एका वेळी फक्त पाच जणांना पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पण एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदीत, पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक मारला गेला. चोर आणि मुलं पळवणारे हिंडताहेत अशी अफवा त्या पट्ट्यात आधीच पसरली होती. कित्येक वाहिन्यांनी मात्र चर्चा धर्मावर नेली आणि अफवेचा माग कुणी काढला नाही. सप्टेंबर 2022 मध्ये सांगलीच्या जत तालुक्यात एका मुलाला रस्ता विचारला म्हणून चार साधूंना पट्ट्यांनी मारहाण झाली. त्या पावसाळ्यात शाळांच्या पालकगटांवर पुन्हा तेच संदेश आले होते. राईनपाड्यानंतर चार वर्षांत आपण इतकंच शिकलो, याचा मला संताप येतो.

या सगळ्यात खरोखर हरवणारी मुलं कुठे आहेत? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार 2022 साली देशात 83,350 मुलं हरवल्याची नोंद झाली. त्यात 62,946 मुली होत्या. जुनी-नवी मिळून 80,561 मुलं त्या वर्षी सापडलीही. सर्वोच्च न्यायालयाच्या 10 मे 2013 च्या आदेशापासून हरवलेल्या प्रत्येक मुलाचा गुन्हा अपहरण धरूनच नोंदवावा लागतो. हा नियम अतिशय चांगला आहे. पण बातमी 'अपहरणांत मोठी वाढ' एवढंच म्हणते. त्या आकड्यात घरच्या मारहाणीला कंटाळून निघालेला मुलगा असतो, लग्न टाळायला पळालेली किंवा प्रेमात घर सोडलेली सतरा वर्षांची मुलगी असते, ओळखीच्याच माणसाने कामाला म्हणून नेलेलं पोर असतं. बातमीत मात्र सगळीकडे 'अज्ञात इसमाने फूस लावून पळवून नेले' हे एकच वाक्य, पोलिसांच्या फिर्यादीतून जसंच्या तसं उचललेलं.

अंधेरीच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्यातले सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले यांनी 2008 ते 2015 या काळात हरवलेल्या 166 मुलींपैकी 165 मुलींचा शोध लावण्यात मोठा वाटा उचलला. उरलेली एक 2013 मध्ये शाळेच्या वाटेवरून नाहीशी झाली, तेव्हा सात वर्षांची होती. निवृत्तीनंतरही भोसले तिचा फोटो जवळ बाळगत राहिले. ऑगस्ट 2022 मध्ये ती सापडली. मूल नसलेल्या एका जोडप्याने तिला नेलं होतं. स्वतःचं मूल झाल्यावर ते तिला मारू लागले, पुढे दुसऱ्यांच्या घरी मूल सांभाळायला लावलं. तिथे काम करणाऱ्या एका बाईने तिचं बोलणं मनावर घेतलं. इंटरनेटवर शोधताना हरवल्याचं जुनं पोस्टर सापडलं आणि त्यावरच्या क्रमांकांपैकी एक अजून चालू निघाला. ती राहत होती आपल्या घरापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत.

टोळीच्या बातमीने जी नजर तयार केली, ती भगव्या कपड्यावर, परक्या बोलीवर, खांद्यावरच्या झोळीवर खिळते. शेजारच्या घरात अचानक आलेली, शाळेत न जाणारी मुलगी त्या नजरेला दिसत नाही.

संपादकांना माझी विनंती आहे. टोळीची अफवा ज्या जागी छापली, त्याच जागी, तेवढ्याच टाइपात पोलिसांचा खुलासा छापा, आणि हरवलेलं मूल सापडेपर्यंत त्याची बातमी सोडू नका. आणि पालकांनो, मूल दिसेनासं झालं तर 24 तास थांबायची काहीही गरज नाही. लगेच पोलीस ठाण्यात जा, गुन्हा नोंदवून घ्या, प्रत मागा. रस्त्यात कुणाचा संशय आला तर त्याला अडवून मारू नका, 112 ला फोन करा.