श्रवण, दर्शन आणि आमची आई

चैत्र शुद्ध प्रतिपदेला गुढी उभी राहिली की आमच्या पंचवटीत रामनवरात्राचे वारे वाहू लागते. रामकुंडावर स्नानाची गर्दी, काळारामाच्या महाद्वारी दर्शनाची रांग, आणि गल्लीबोळांतील लहानमोठ्या राममंदिरांत कीर्तनाची तयारी. पिढीजात कीर्तनकाराच्या घरी तर या नऊ दिवसांत उसंत कसली ती नसते. तरीही यंदा, दोन कीर्तनांच्या मधल्या दुपारी, आम्ही आमच्या नातीबरोबर दूरचित्रवाणीसमोर बसलो होतो हे वाचकांपाशी कबूल केले पाहिजे. जुन्या मालिका हल्ली हव्या तेव्हा लावता येतात. नातीने लावली होती रामानंद सागरांची ‘रामायण’.

ही मालिका दूरदर्शनवर 25 जानेवारी 1987 पासून 31 जुलै 1988 पर्यंत दर रविवारी सकाळी साडेनऊ वाजता दाखविली गेली. 52 भागांची योजना असताना ती 78 भागांपर्यंत वाढली. त्या काळचे रविवार ज्यांनी अनुभवले त्यांना त्यांचे वर्णन सांगावयास नको. रस्ते ओस पडत, दुकानांच्या फळ्या उशिरा निघत. माणसे स्नान करून, पादत्राणे बाहेर काढून त्या संचापुढे बसत. कित्येक घरांत त्याला हार घालीत, उदबत्ती ओवाळीत. मोठ्या मौजेची गोष्ट ही की, चित्रण झाले ते गुजरातेत उंबरगावी. आणि सीतागुंफेपासून हाकेच्या अंतरावर राहणारे आम्ही पंचवटीकर उंबरगावी उभारलेली पंचवटी डोळे विस्फारून पाहात होतो!

नातीने विचारले, “आजोबा, लक्ष्मणाने खरेच रेषा ओढली होती का हो?” आम्ही म्हणालो, “बाळ, वाल्मीकींच्या अरण्यकांडात ती रेषा नाही. शबरीने उष्टी करून दिलेली बोरेही तेथे नाहीत. पण लोकांच्या रामकथेत दोन्ही आहेत, आणि लोकांनी ती प्रेमाने जपली आहेत.” त्यावर तिचा दुसरा प्रश्न आला, “मग तुम्ही ही मालिका पहिल्यांदा कुठे पाहिलीत?” या प्रश्नाने आम्ही थोडे ओशाळलो. आम्ही ती तेव्हा पाहिलीच नव्हती. का पाहिली नव्हती, ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

1987 सालच्या रामनवरात्रातील गोष्ट. आमचे तीर्थरूप अण्णा तेव्हा साठीच्या पुढे होते, आणि आम्ही पंचविशी ओलांडून त्यांच्यामागे झांज घेऊन उभे राहात होतो. गल्लीतील राममंदिरात नवरात्रातल्या रविवारी सकाळी नऊला कीर्तन ही तीन पिढ्यांची रीत. एरवी सभामंडप भरून लोक ओट्यावर बसत. त्या रविवारी नमन होऊन पूर्वरंगाचे निरूपण सुरू झाले, साडेनऊचा सुमार झाला, आणि एकेक जण उठू लागला. मध्यंतरी बुक्का लावण्याची वेळ आली तेव्हा समोर चारच श्रोते उरले होते. त्यांतील एकाला डोळ्यांनी दिसत नव्हते.

अण्णांनी आख्यान तसूभरही आखडते घेतले नाही. पण आरती होऊन घरी परतताना वाटेत ते एक शब्द बोलले नाहीत. आम्ही मात्र आतून धुमसत होतो. घरी आलो तो शेगडीवर दूध तापते आहे आणि आई घरात नाही. थोड्या वेळाने ती शेजारच्या वाड्यातून लगबगीने आली. कोठे गेली होती ते विचारावे लागले नाही; त्या वाड्यातच तेवढा संच होता.

आमचा तोल गेला. आम्ही म्हणालो, “अण्णा तिकडे चार माणसांपुढे कंठशोष करताहेत, आणि तू त्या खोक्यापुढे जाऊन बसलीस? कीर्तनकाराच्या घरात हे शोभते?” वर शास्त्राधारही दिला. भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हाद नवविधा भक्ती सांगतो. त्यांत पहिले श्रवण, दुसरे कीर्तन. नऊंत ‘पाहणे’ कोठेच नाही! नुकतेच शिकलेले ज्ञान घरातल्या माणसांवर फेकण्यात एक उर्मट आनंद असतो, तो आम्हांला त्या क्षणी झाला.

आईने दूध उतरविले. पदराला हात पुसले. मग शांतपणे म्हणाली, “श्रवण पहिले, हे खरे रे. पण मी ते कधी केले? लग्न होऊन या घरात आले, तेव्हापासून यांच्या कीर्तनाच्या वेळी मी चुलीपाशी. कधी प्रसाद, कधी पाहुण्यांची पंगत, नवमीला सुंठवडा. भिंतीपलीकडून टाळ ऐकू यायचे, मधला एखादा शब्द यायचा. रामकथा आरंभापासून शेवटापर्यंत, पुढे बसून, मला कोणी ऐकविली नाही. आज शेजारणीने हाताला धरून पुढे बसविले, म्हणून बसले.”

ओसरीवर अण्णा होते. त्यांनी ते ऐकले. दुपारभर घरात कोणी कोणाशी बोलले नाही. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लागला, आणि अण्णांनी जपमाळ बाजूला ठेवून हाक मारली, “अगं, जरा इकडे ये. बैस. आज त्यांनी काय दाखविले ते सांग पाहू.”

आई आधी संकोचली. मग सांगू लागली. आणि तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी, मालिका संपेपर्यंत, आमच्या ओसरीवर हे कीर्तन चालले. वक्ता आई, श्रोता अण्णा. अण्णांनी ती मालिका डोळ्यांनी कधीच पाहिली नाही. त्यांनी ती सबंध ऐकली. आम्हीही मानाला पेटून शेजारी गेलो नाही. कानांनी मात्र खांबाआड उभे राहून सारे घेत होतो.

आईचे सांगणे साधे असे. श्रीधरांचा ‘रामविजय’ तिने चातुर्मासात वाचलेला, त्यामुळे कोठे काय निराळे आहे ते ती नेमके हेरी. मालिकेने जे आधारग्रंथ मानले त्यांत नाथमहाराजांचे ‘भावार्थ रामायण’ही आहे, हे तिने सांगितले तेव्हा अण्णांनी पैठणच्या दिशेने हात जोडले. कौसल्या झालेल्या जयश्री गडकर आणि दशरथ झालेले बाळ धुरी, हे दोघे खरोखरीचे पतिपत्नी, याचे तिला भारी अप्रूप. आणि मंथरा? ती तर आमच्याच जिल्ह्यातील येवल्याच्या ललिता पवार! त्या रविवारी आई म्हणाली, “अहो, सगळे तिला शिव्या घालीत होते. मला मात्र तिची कीव आली. आपण म्हातारे झालो, उद्या या घरात आपल्याला कोण विचारील, ही भीती होती हो तिच्या डोळ्यांत.”

अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पस्तीस वर्षे मंथरेचे आख्यान लावतो आहे. हे मला सुचले नाही.”

पुढल्या वर्षी, 1988 च्या नवरात्रात, अण्णांनी रविवारचे कीर्तन सायंकाळी ठेवले. विश्वस्तांपैकी काहींना ते रुचले नाही; दूरचित्रवाणीपुढे कीर्तनाने मान तुकविली असे त्यांना वाटले. अण्णा एवढेच म्हणाले, “श्रोता जेथे अडला आहे तेथून त्याला आणणे हे वक्त्याचे काम आहे.” आणि नवमीच्या जन्मकीर्तनाला आई पहिल्या रांगेत बसली. त्या वर्षी सुंठ आम्ही कुटली, खोबरे आम्ही किसले. खसखस जरा करपली, पण कोणी बोलले नाही. अण्णांनी निरूपणात आईचे ते मंथरेविषयीचे वाक्य घेतले, आणि ते कोणाचे हे भरसभेत सांगितले. बरोबर मध्यान्ही पाळण्याची दोरी ओढली गेली. आईचे डोळे कोरडे नव्हते, अण्णांचेही नव्हते.

वाल्मीकिरामायणाच्या बालकांडात एक हृद्य प्रसंग आहे. कुश आणि लव रामासमोर रामाचेच चरित्र गातात, आणि ऐकता ऐकता प्रभू हळूहळू परिषदेतलेच एक होऊन जातात. सिंहासनावरून उतरून ते श्रोत्यांत येऊन बसले, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. ज्याची कथा, त्यालाही ती ऐकण्यासाठी खाली उतरावे लागते! हे पद आम्ही पाठशाळेत शिकलो होतो. त्याचा अर्थ ओसरीवर कळला.

पुढे आईअण्णा दोघेही गेले. 2020 साली टाळेबंदीत 28 मार्चपासून दूरदर्शनने ती मालिका पुन्हा दाखविली, आणि 2 एप्रिलला रामनवमी आली. मंदिराची दारे भाविकांना बंद. जन्मकाळी पुजाऱ्यांनीच पाळणा हलविला; तीन पिढ्यांत प्रथमच आमच्या घरातील कोणी नवमीला कीर्तनास उभे राहिले नाही. तेव्हा तेहतीस वर्षांचा हट्ट सोडून आम्ही त्या संचापुढे बसलो. चित्र पहिल्यानेच पाहात होतो, आणि तरी प्रत्येक प्रसंग ओळखीचा वाटत होता. पडद्यावर मंथरा आली, आणि आमच्या कानांत आईचा आवाज आला. त्या दिवशी मनोमन तिची क्षमा मागितली. ती हयात असताना मागावयाची राहून गेली होती.

असो. पाहणे वाईट नव्हे, हे एवढ्या वर्षांनी आम्हांला मान्य आहे. पाहिलेले जेव्हा कोणीतरी कोणाला सांगते आणि ऐकणारा मन लावून ऐकतो, तेव्हा त्याचे श्रवण होते, कीर्तनही होते. मात्र आपापल्या घरात रामकथा भिंतीपलीकडून ऐकणारे कोणी आहे काय, याची यंदाच्या नवमीला प्रत्येकाने चौकशी करावी. असल्यास तिला हाताला धरून पुढे बसवावे. सुंठवडा त्या दिवशी दुसऱ्या कोणी केला तरी रामाला चालतो. किंचित करपलेलाही चालतो, हे आम्ही अनुभवाने सांगतो.